सतराव्या रकान्यात

त्या फॉर्मवरचं अक्षर तिचं नव्हतं, आणि सगळं बिनसलं ते तिथूनच. मिल कामगारांच्या लाइनीतून गेल्या चार वर्षांत जो कुठला कागद सरकारदरबारी गेला, तो कीर्तीच्या हातून गेला होता. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं असो, बंद मिलच्या कामगारांचं कोर्टातलं शपथपत्र असो, की शारदाकाकूंच्या सुरभीचा नर्सिंगचा अर्ज असो, लोक ओले हात पुसत यायचे, कागद तिच्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "कीर्ती, जरा भरून दे ना, तुझं अक्षर पाहिलं की बाबूलोक कागद फेकत नाहीत." चहा मिळायचा, कधी शेव मिळायची, आणि त्याहून मोठं म्हणजे सगळ्या लाइनीच्या पोटातल्या गोष्टी तिला बसल्या जागी कळायच्या. कुणाची जन्मतारीख खोटी, कुणाचं लग्न दुसरं, कोण दहावी नापास असून पास म्हणून फिरतंय, सगळं. आणि आज शाळेची निळी रिबिन शोधता शोधता तिने दादाच्या पत्र्याच्या पेटीतला वर्तमानपत्राचा थर उचलला, तर खाली ही झेरॉक्स. अकरा पानांचा फॉर्म, वर नाव संघदीप नथू तायडे, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्याचं स्वतःचं अक्षर, पावसात भिजलेल्या मुंग्यांसारखं. घरात अकरावीतली पोर, आंतरशालेय वादविवादात गेल्याच आठवड्यात कप घेऊन आलेली, आणि हा माणूस आयुष्यातला सगळ्यात मोठा फॉर्म तिच्यापासून लपवून भरतो. शहराबाहेर तारांच्या कुंपणामागे केंद्र सरकारची ती प्रयोगशाळा होती. आत नेमकं काय चालतं हे इंदुरात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळ्यांना तिचा फार मान होता. तिथे फिटरची जागा निघाली होती, दादा लेखी परीक्षेत पास झाला होता, हातकामात पास झाला होता, आणि आता फक्त चौकशी उरली होती: माणूस कुंपणाच्या आत घेण्याजोगा आहे की नाही.

रकाना सतरा. आपण कधीही अमली पदार्थांचं सेवन केलं आहे काय, असल्यास पूर्ण तपशील द्यावा. तिथे 'नहीं' असणार हे तिने धरूनच ठेवलं होतं. कुणी शहाणा माणूस तिथे दुसरं काय लिहील. पण तिथे लिहिलं होतं, 'हाँ'. आणि पुढे त्या मुंग्या सहा ओळी चालत गेल्या होत्या: सन १९९१ ते १९९३ ब्राउन शुगरचं सेवन करत होतो, मे १९९३ मध्ये शिबिरात राहून उपचार घेतले, तेव्हापासून आजपर्यंत कुठलीही नशा केली नाही, विडीसुद्धा नाही. विडीसुद्धा. कीर्ती पेटीच्या कडेवर बसली, कडा मांडीत रुतली तरी बसून राहिली. कुणी भर बाजारात खिसा कापला असता तरी ती एवढी हडबडली नसती. कारण ही गोष्ट तिची होती. सात वर्षं तिने ती जिभेखाली धरून ठेवली होती, खडीसाखरेच्या खड्यासारखी, विरघळू न देता. कुठे आणि कसं सांगायचं हेही तिने ठरवून ठेवलं होतं, आणि दर वर्षी जागा बदलली होती. आधी वाटायचं त्याच्या लग्नात सांगू, मंडपात, वरमाला हातात असताना. मग वाटलं विहारात, रविवारच्या वंदनेनंतर, सगळे चपला शोधत असतात तेव्हा. आणि कप मिळाल्यापासून तर तिला रोज माइक दिसत होता. आधी ती बोलायची तेव्हा आवाज घशातच चहाच्या सायीसारखा चिकटून बसायचा, आणि त्या दिवशी, उदारीकरणाच्या विरोधात बोलताना, 'माझ्या वडिलांची मिल' एवढं म्हटल्याबरोबर तो असा सुटला की परीक्षकबाईंनी घंटी वाजवायचं सोडून दिलं. तेव्हापासून तिला कळलं होतं की आपल्याकडे आवाज आहे, आणि आवाज असला की माणसाला काहीही करता येतं, कुणाचंही. आता तो आवाज घेऊन ती पेटीवर बसली होती, आणि सांगायची गोष्ट समोरच्यानेच सरकारला सांगून टाकली होती.

एक्क्याण्णव. तिला ते वर्ष वासाने आठवायचं. मिल चालू होती तोवर लाइनीत कापसाचा, तेलाचा आणि बाबांच्या बनियनचा एकच वास असायचा. मग भोंगा थांबला, गेटला कुलूप लागलं, बाबा रोज गेटसमोरच्या धरण्याच्या मंडपात जाऊन बसायला लागले, आणि घरात हळूहळू एक दुसरा वास आला, जळलेल्या चांदीच्या कागदाचा. सिगारेटच्या पाकिटातला तो कागद लहानपणी ती जपून ठेवायची, नखाने घासून गुळगुळीत करायची. एक दिवस तिच्या कंपासपेटीत त्याच कागदाची बारीक नळी सापडली, आतून काळी. दादा तेव्हा सतरा-अठराचा, बारावीला बसायचा होता आणि बसला नाही. तो नहाणीत जाऊन तासतास बसायचा, बाहेर यायचा तो असा शांत, असा गोड, तिच्या वेणीला हात लावून म्हणायचा, "छोटी, तू किती हुशार आहेस गं." आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस अंगावर चार गोधड्या घेऊन कुडकुडायचा, नाक पुसायचा, आईच्या डब्यांची झाकणं वाजवत फिरायचा. हे एकट्या त्यांच्याच घरात नव्हतं. ज्या ज्या घरात बाप गेटवर बसला होता, त्या त्या घरातला एखादा पोरगा लाइनीच्या मागे रेल्वेच्या भिंतीला टेकून बसलेला असायचा. काही उठलेच नाहीत. दादा उठला, हे आई रोज उठून म्हणते. दादा उठला, आयटीआय केलं, उठला. जणू बाकीच्यांनी फक्त त्याला उठताना बघायचं होतं.

आणि तो दिवस. तो तिला वासाने नाही, अंगाने आठवायचा, मांड्यांच्या मागच्या बाजूला. ती नऊ वर्षांची होती, अंगावर पिवळा फ्रॉक होता, शाळेला सुट्टी होती. दादा म्हणाला, "चल, तुला फिरवून आणतो," आणि ती नाचत निघाली, कारण तो आधी खरंच फिरवायचा, सायकलच्या दांडीवर बसवून थेट तुकोगंजपर्यंत, मोठमोठी घरं दाखवायला. त्या दिवशी ते रुळांपलीकडे गेले. जुन्या टायरांचं एक गोडाऊन होतं, बंटीभियाचं. बंटीभिया खाटेवर बसून केळी खात होता. दादा त्याच्याशी हळू बोलला, मग जोरात, मग पुन्हा फार हळू. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "छोटी, तू इथे बस. मी दहा मिनिटांत आलो." आणि बंटीभियाने केळीची साल टाकून उशाखालून काहीतरी काढून त्याच्या हातावर ठेवलं. तिला तेव्हासुद्धा कळलं. नऊ वर्षांच्या पोरीला काही कळत नाही असं ज्यांना वाटतं, ती माणसं कधी नऊ वर्षांची पोर झालेली नसतात. दादा गेला. ती ट्रकच्या टायरावर बसली. ऊन पत्र्यातून खाली येत होतं, रबर तापत होतं, ती बसल्या जागी सरकत राहिली. लोक येत-जात होते. एकाने विचारलं, "ये किसकी है?" बंटीभिया म्हणाला, "गिरवी है भिया, छुड़ाने आएगा इसका भाई," आणि दोघं हसले. कुणी तिला बोटही लावलं नाही. बंटीभियाने तर बिस्किटाचा पुडा दिला, तिने तो मांडीवर धरून ठेवला, खाल्ला नाही. दहा मिनिटं किती असतात हे तिला मोजता येत होतं, साठ साठ मोजत ती दहा वेळा पोचली, मग पुन्हा दहा वेळा, मग मोजणं सोडलं. उन्हं उतरली तेव्हा बंटीभिया कंटाळून म्हणाला, "जा रे छोरी, तेरा भाई तो गया काम से." ती रुळांच्या कडेकडेने घरी आली. आई गेटवरून आली होती, कुणीतरी लाठी खाल्ली होती, त्याचीच चर्चा चालू होती. आईला वाटलं ती सुरभीकडे होती. आईने तिला गर्रकन फिरवलं, फ्रॉकच्या मागे काळे पट्टे पाहिले, आणि पाठीत एक धपाटा घातला. "कुठे बसून आलीस गं? हा डाग जाणार आहे का आता?" डाग गेला नाही. फ्रॉकचं पायपुसणं झालं. दादा दुसऱ्या दिवशी आला आणि झोपला. कुणीच काही विचारलं नाही, म्हणून तिने काही सांगितलं नाही, आणि न सांगता सांगता ते एवढं मोठं झालं की आता तोंडातून बाहेर काढायचं तर जबडा निखळला असता.

तिने त्या सहा ओळी पुन्हा वाचल्या, मग पुन्हा. ब्राउन शुगर होती, शिबिर होतं, वर्षं होती, विडीसुद्धा होती. ती नव्हती. त्याने सरकारला खरं सांगितलं होतं, ज्या सरकारचं त्याने काही बिघडवलं नव्हतं. रविवारी विहारात नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील यायचं तेव्हा शिबिरातून आल्यावर वर्षभर दादाचे ओठ मिटलेले असायचे, सगळ्यांनी पाहिलं होतं. मग एका रविवारी तो ते म्हणाला आणि आई तिथेच रडली, भंतेजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कीर्ती मात्र दुसऱ्या शीलाशीच अडकून राहायची, न दिलेलं न घेण्याच्या. तिला त्याच्या हाती कुणी दिलेलं नव्हतं. ते शील तो पहिल्या दिवसापासून खणखणीत म्हणत होता.

शुक्रवारी ती शाळेतून आली तर लाइनीच्या तोंडाशीच मारुतीकाकांनी तिला अडवलं. काका मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होते, आता सकाळी पोह्याचा ठेला लावायचे आणि दुपारभर खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायचे.

"आल्या वकीलबाई. तुझ्या दादाची इन्क्वायरी येऊन गेली. पोलीस थाण्याचा हेड होता, तिवारी. मी असं सर्टिफिकेट दिलं ना, पूछ मत."

"काय दिलं काका?"

"मला म्हणतो, लड़का कैसा है. म्हटलं, साहब, गाय है. म्हणतो, नशा-वशा? म्हटलं, भिया, ये लड़का सुपारी नहीं खाता, आप नशे की बात कर रिये हो."

शारदाकाकू दारात तांदूळ निवडत होत्या. "मी तर म्हटलं, आमच्या डोळ्यांसमोर वाढला, कधी जोरात बोलला नाही. सही पण ठोकली. हो, मग? आपल्या लाइनीचा पोरगा आहे."

आता हे समजायला मिलची लाइन माहीत हवी. मिल बंद पडल्यापासून इथे विचारणारेच येत राहिले होते. कोर्टाचे आले, बँकेचे आले, मिलमधली पितळी चाकं कुठे गेली ते विचारणारे आले, आणि लाइनीने एकदाच ठरवून टाकलं होतं की बाहेरच्याने काहीही विचारलं तर उत्तर एकच, सगळं उत्तम आहे आणि आम्हाला काही माहीत नाही. तो कायदा कुणी लिहिला नव्हता, पण मोडलाही नव्हता. कीर्ती दप्तर खांद्यावर सावरत म्हणाली, "काका, दादाने फॉर्मात खरं लिहिलंय."

"खरं म्हणजे?"

"म्हणजे खरं. घेत होतो म्हणून."

काका खाटेवर उठून बसले. शारदाकाकूंच्या सुपातला हात थांबला. "सरकारी फॉर्मात?" काका म्हणाले. "येडा आहे का तो. सरकारी फॉर्मात खरं कोण लिहितं? मी जन्मतारीखसुद्धा खरी नाही लिहिली."

घरी आई चुलीसमोर नुसतीच बसली होती, चूल पेटवलेली नव्हती. तिवारी तिच्याशीही बोलून गेला होता. आईने त्याची नक्कल त्याच्याच हिंदीत केली, भीतीने पाठ झालेली: "लड़का कुछ और लिखता है, मोहल्ला कुछ और बोलता है. एक तो झूठा है. घर का कोई जो उस टाइम यहीं था, सच बोल दे, तो मैं लिख दूँगा कि बात मिलती है. नहीं तो ऊपर लिखना पड़ेगा, पुष्टि नहीं हुई. फिर अंदर कौन लेगा इसको." उद्या चार वाजता येणार होता. बाबा बेटम्याजवळच्या प्लास्टिकच्या कारखान्यात चौकीदार होते, ते रविवारशिवाय येत नसत. "मी तर नाही बोलणार," आई म्हणाली. "पोलिसासमोर स्वतःच्या पोराला नशेबाज म्हणू? गेलं ते गेलं. तूही सांग, असं काही नव्हतं म्हणून. ऐकलंस ना?"

कीर्तीने ऐकलं होतं, आणि ऐकता ऐकता तिने सगळा हिशोब उलटा करून पाहिला. म्हणजे सात वर्षं ती ज्या दिवसाची वाट पाहत होती त्या दिवशी बोलणं म्हणजे त्याला वाचवणं होतं. आणि त्याला बुडवायचं असेल तर काय करायचं? काही नाही. लाइनीसारखं वागायचं. गोड हसायचं, "सर, मेरा भाई तो सोना है," असं म्हणायचं आणि वेणी मागे टाकायची. आई आशीर्वाद देईल, काका शाबासकी देतील, आणि कुंपणाचं दार बंद. इतकं स्वच्छ, इतकं बिनरक्ताचं की तिला हसूच आलं. तिने आरशासमोर उभं राहून ते वाक्य तीन वेळा म्हणून पाहिलं, एकदा भुवया उचलून, एकदा लाजून, एकदा नुसतं. तिसरं चांगलं जमलं. त्या रात्री जेवताना तिने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. दादा समोर बसून डाळीत बोट फिरवत होता आणि तिला वाटत होतं की हा माणूस आपल्या ताटात वाढलेला आहे.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा होती. ती आली तेव्हा दादा मागच्या मोरीपाशी सायकल उलटी करून चाक फिरवत होता. आता एक गोष्ट तिलाच माहीत होती, आईलाही नाही. दादा खोटं बोलायचा तेव्हा डोळ्यात डोळे घालून बोलायचा, आणि खरं बोलायचा तेव्हा इकडे तिकडे पाहायचा. ज्या वर्षांत त्याने घरातलं सगळं नेलं त्या वर्षांत त्याची नजर एखाद्या शिक्षकासारखी सरळ होती.

"छोटी," तो चाकाकडे पाहत म्हणाला, "आई नाही सांगणार. तू सांगशील?"

"काय सांगू?"

"जे होतं ते."

"किती?"

"सगळं. मी सगळं लिहिलंय. तुला दाखवलं नाही, कारण तू ते असं मस्त करून लिहिलं असतंस की मी हुतात्मा वाटलो असतो."

ती हसली नाही. "आणि बंटीभिया?"

"त्याच्याकडूनच तर घेत होतो. तो मेला की मागच्या साली." त्याने चेनवर तेल सोडलं. "नाव विचारलं तर ते पण सांग."

"त्याच्या टायरच्या गोडाऊनमध्ये मी आले होते."

दादाने मान वर केली, मग भिंतीवरच्या दोरीकडे पाहिलं, मग तिच्या चपलांकडे. "तू? तू कशाला येशील तिथे?" तो खरोखर विचार करत होता, कपाळावर तेलाचं बोट ठेवून. "कुणी नेलं होतं तुला? सुरभीचा भाऊ? तो पण जायचा तिकडे." आणि मग थोडा घाबरून, "काही झालं होतं का? छोटी?"

नजर दोरीवर होती, चपलांवर होती, चाकावर होती. एकदाही तिच्या डोळ्यात नव्हती. कीर्तीने वाट पाहिली. तिने आयुष्यात इतक्या आशेने कुणाच्या खोट्याची वाट पाहिली नव्हती. ये ना, वर बघ ना, डोळ्यात डोळे घाल आणि खोटं बोल. पण तो तसाच बसला होता, तेल लावलेला, स्वच्छ, आठवत नसलेला. त्याला आठवत नव्हतं. त्याच्यासाठी तो दिवस झालाच नव्हता. त्याला माल मिळाला होता, आणि मिळालेला माल त्या दिवसासकट सगळं पुसून गेला होता. म्हणजे सात वर्षं ती ज्याच्या समोर उभी राहून बोलण्याची तालीम करत होती, त्या जागेवर कुणी नव्हतंच. ती टायरावर बसली होती हे जगात आता दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक मेला होता.

"काही नाही," ती म्हणाली. "चेन ढिली आहे."

तिवारी चारला बारा मिनिटं कमी असताना आला. पोट सुटलेला, घामेजलेला, बरा माणूस होता. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकली. दादा दारात उभा राहिला. मारुतीकाका आणि शारदाकाकू अंगणात अगदी सहज आल्यासारखे उभे होते.

"हाँ तो बेटा," तिवारी म्हणाला, "सुना है इस मोहल्ले के सारे कागज़ तू ही लिखती है. ये तेरे भाई ने जो लिखा है, ये क्या मामला है? पड़ोसी तो बोलते हैं साधु-महात्मा है."

सोना है, सर. वाक्य तयार होतं, तिसऱ्या पद्धतीचं. तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिला एकदम किळस आली, दादाची नाही, वाक्याची. ते म्हटलं असतं तर ती लाइनीतली अजून एक बाई झाली असती, तांदूळ निवडत सही ठोकणारी. आणि त्या दोन वर्षांना ती 'असं काही नव्हतं' म्हणाली असती, तर ती स्वतः कुठे बसली होती इतके तास? तो विसरला, लाइनीने पुसलं, आता तिनेही नाही म्हणायचं?

"पड़ोसी झूठ बोलते हैं," ती म्हणाली, आणि तो आवाज सुटला, कपवाला, माइकवाला. बाहेर मारुतीकाका खोकले. "मेरे भाई ने दो साल ब्राउन शुगर पी. चांदी के कागज़ पे. मेरे कंपास में उसकी नली मिली थी. मेरी माँ की पायल गई, बाबा की घड़ी गई, घर का पंखा गया, गर्मी में गया. वो नहानी में बैठता था और हम बाहर खड़े रहते थे कि मरा तो नहीं. फिर मई में शिविर गया, इक्कीस दिन. लौटा तो चालीस किलो का था. उसके बाद मैंने उसको रोज़ देखा है सर, पाँच साल, रोज़. मैं उसकी जेब देखती थी, नाखून देखती थी, सूंघती थी. कुछ नहीं. मुझको मिलता तो मैं छोड़ती नहीं."

हे शेवटचं वाक्य तिच्याही कानाला नवीन होतं. तिवारी लिहिता लिहिता थांबून तिच्याकडे पाहत राहिला. आई पदरात रडत होती, आवाज न करता, आणि दादा दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभा होता, त्याचं तोंड असं सैल झालं होतं, असं मोकळं, जसं ताप उतरलेल्या माणसाचं होतं.

ते तोंड तिने पाहिलं.

"बात मिलती है," तिवारी म्हणाला. "तारीखें भी. दस्तखत माँ करेगी, तू छोटी है. और कुछ है बेटा? कुछ ऐसा जो इसने नहीं लिखा?"

होतं. त्याच्या पेनच्या टोकापाशी ती बसली होती, तिचे पाय टायरावरून लोंबत होते. एक वाक्य, आणि ती जागा, तो पगार, ती प्रयोगशाळेची निळी बस, सगळं इथेच या जमिनीवर सांडलं असतं. पण मग काय झालं असतं? तिने ते भरभर पाहिलं, अगदी फॉर्म भरताना पुढचे रकाने डोळ्यांनी चाळून घ्यावेत तसं. ते तिवारीच्या कागदावर गेलं असतं. आई दादाच्या गळ्यात पडून रडली असती. दादा तिच्या पायांवर पडला असता, शिबिरात शिकवतात तशी माफी मागितली असती, हात जोडून, पूर्ण वाक्यांत, आणि पाच मिनिटांत तो तिथूनही उठला असता. उठला, दादा पुन्हा उठला. त्याचं तोंड पुन्हा तसं मोकळं झालं असतं. आणि तिच्याकडे काय उरलं असतं? एक माफी, हातात धरायला. बिस्किटाच्या पुड्यासारखी.

"नहीं," ती म्हणाली. "बस इतना ही."

आईने सही केली, पूर्ण नाव. तिवारीने टोपी घातली, दादाच्या खांद्यावर थाप मारली आणि मोटरसायकलला तीन किका मारून गेला. मारुतीकाका "पोरीने नाक कापलं लाइनीचं" म्हणत खाटेकडे परतले, पण त्यांच्या आवाजात कौतुकच जास्त होतं. दादा तिच्याजवळ आला. त्याने नुसता तिच्या वेणीला हात लावला, जुन्यासारखा.

तिने वेणी सोडवून घेतली. "तुझ्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर काय लिहिलंय रे? सहीच्या वर."

"काय? ते... वरील माहिती पूर्ण व खरी आहे. काहीही दडवलेलं नाही."

"पूर्ण नाही आहे."

दादा आधी हसला. मग हसू तसंच राहून गेलं. "काय राहिलं?"

"एक गोष्ट राहिली. तुला माहीत नाही, मला माहीत आहे."

"सांग ना मग. आत्ता जातो थाण्यावर, लिहून देतो." आणि तो खरंच चपला शोधायला लागला. तो गेला असता, हेच तर तिला हवं होतं, की तो जाणारा माणूस आहे. ज्याला काही वाटतच नाही अशा माणसाचं कुणी काय करणार. पण याने शील घेतलं होतं, याला सतरा नंबरच्या रकान्यात विडीसुद्धा लिहावीशी वाटली होती.

"नाही सांगणार."

"का?"

"तू आठव."

महिन्याभराने नेमणुकीचा कागद आला. लाइनीत पोहे-जिलबी झाली, मारुतीकाकांनी पाहुण्यांना स्वतःच सांगितलं की पोराने सगळं खरं लिहिलं होतं आणि तसा सल्ला त्यांचाच होता. बाबा बेटम्याहून दोन दिवस सुट्टी काढून आले आणि दादाचा नवा फोटो असलेला पास हातात घेऊन बसून राहिले. दादा निळ्या बसने जायला लागला. गेटवर रोज तो पास दाखवावा लागायचा, तो आईला म्हणाला होता, शिपाई फोटोकडे पाहतो, मग माझ्या तोंडाकडे पाहतो, आणि मला दर वेळी वाटतं आता हा काहीतरी विचारणार. आई म्हणाली, सवय होईल. कीर्ती ताटावरून मान वर न करता ऐकत होती आणि जेवत होती. तो आता नीट झोपत नव्हता हे तिला माहीत होतं. तो आठवत होता. जेवताना घास हातात धरून आठवायचा, दाढी करताना आठवायचा, मधूनच सुरभीला जाऊन काही विचारून आला होता, एकदा रुळांपलीकडेही जाऊन आला. तिथे आता मोटारसायकलींचा काचेचा शोरूम झाला होता. तिला वाटलं होतं हे पाहून आपलं पोट भरेल. भरत होतंही. फक्त थोड्या वेळाने पुन्हा भूक लागायची.

एका सकाळी ती नळावर घागर लावून उभी होती, तो नव्या इस्त्रीच्या शर्टात, डबा हातात घेऊन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. कोपऱ्यावर बस येऊन थांबली होती.

"छोटी, पूर्ण नको सांगू. थोडं तरी सांग. मी काही विकलं होतं का? वस्तू होती का कुठली?" त्याने ओठ पुसले. "की माणूस होता?"

कीर्तीने घागरीवरचा उजवा हात काढला. तळवा खाली करून तिने तो हवेत धरला, स्वतःच्या छातीपाशी, नऊ वर्षांच्या पोरीचं डोकं येईल तेवढ्या उंचीवर. दादा त्या हाताकडे पाहत राहिला, मग हाताखालच्या रिकाम्या जागेकडे, वरपासून खाली, खाली ओल्या फरशीपर्यंत, आणि पुन्हा वर. बसने दोनदा हॉर्न दिला. घागर भरून वाहायला लागली, पाणी दोघांच्या पायांवरून गेलं. त्याला अजून कळत नव्हतं. तिने हात खाली घेतला नाही. खांद्यापासून कळ यायला लागली तरी तिने तो तसाच धरून ठेवला.